बँकेच्या घराची वास्तुशांत

कोपरगावात गहिनीनाथ भवराच्या घरी तुम्ही पाणी मागितलं, तर ते एखाद्या मेलेल्या माणसाच्या तांब्यातून मिळतं. घाबरायचं कारण नाही, तांब्या लख्ख घासलेला असतो, त्यावर फक्त नाव कोरलेलं असतं: कै. दगडू सावळेराम यांच्या स्मरणार्थ. घरातली सगळी भांडी अशीच. त्यामुळे गहिनीनाथाची बायको लंकाबाई आतून लेकीला सांगते, "ज्ञानू, दगडूआबाला माठाशेजारी ठेव, आन सरूबाईला ग्यासवरनं उतरव, उतू चालली ती." नवा पाहुणा हे ऐकून चपला शोधायला लागतो.

ही भांडी, खिडक्यांना पडदे म्हणून लावलेली उपरणी, उशांचे अभ्रे झालेल्या शाली आणि जेवणात रोज या ना त्या रूपानं येणारा नारळ, हे सगळं एका कर्जापायी झालं. ते कर्ज कसं फिटलं त्याची ही गोष्ट. मध्ये कुणी बोलू नका.

गहिनीनाथ एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, काचेच्या कपाटातला हाडांचा सापळा पुसायचा आणि पोरांनी काय काय फोडलं ते सरांच्या कानावर घालायचं. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यानं गावाच्या कडेला दोन खोल्या नि स्वयंपाकघर असं घर घेतलं. नऊ लाखांचं कर्ज, वीस वर्षं हप्ते. सह्या करताना बँकेतला साहेब सहज म्हणाला, "कर्ज फिटेपर्यंत खरेदीखत आमच्याकडे राहील आणि उताऱ्यावर आमचा बोजा चढेल." साहेब हे वाक्य दिवसातून चारदा म्हणत असणार. पण गहिनीनाथाच्या मस्तकात तिडीक गेली. घरी वीस पाहुणे जमले होते, त्यांच्यासमोर त्यानं जाहीर केलं, "घर बँकेचं हाय. बँकेच्या घराची वास्तुशांत मी घालनार न्हाई. शेजाऱ्याच्या बैलाची शिंगं मी का म्हनून रंगवू?"

खरं सांगायचं तर यात निम्मा स्वाभिमान होता आणि निम्मा दोनशे पानांच्या जेवणाचा खर्च. पण वीस माणसांत बोललेला शब्द मागे घ्यायचा कसा?

पहिल्या महिन्यात लंकाबाईची आई, आक्काबाई, संगमनेरकडच्या आपल्या गावाहून लेकीचं घर बघायला आली. एकाहत्तर वर्षांची म्हातारी, काष्टा घट्ट, हातात पिशवी. फाटकातच थांबून तिनं विचारलं, "शांत झाली का घराची?"

"न्हाई," लंकाबाई म्हणाली.

"मंग मी हितंच बरी."

अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकून ती बसली. वास्तुशांतीआधी घरातलं घोटभर पाणीसुद्धा चालत नाही, असा तिचा नेम. पिशवीतून स्वतःची बाटली काढली, स्वतःची भाकरी काढली, खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. लंकाबाईला वाटलं, आई जावयाची खरडपट्टी काढेल. कसलं काय. आक्काबाई जाता जाता म्हणाली, "जावई बरुबर बोल्ले. दुसऱ्याच्या घराची शांत घालून पुन्य कुनाला लागंल?"

म्हणजे हट्टी माणसं दोन, दोघांचं एकमत, आणि मरण मधल्या बाईचं.

असं वर्षानुवर्षं चाललं. पुढं पंचाहत्तरी उलटली नि आक्काबाईला एसटी फुकट झाली, तशी ती दर पंधरवड्याला यायला लागली. पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. उन्हाळ्यात खुर्ची भिंतीच्या सावलीबरोबर सरकत जायची.

पण हे पुढचं झालं. त्या पहिल्या उन्हाळ्यातच लंकाबाईनं एकदा भाकरी थापता थापता बोटांवर मोजलं. "आई आता एकाहत्तर. तुमचं कर्ज वीस वर्षं. म्हंजी एक्क्यान्नव." मग ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आईनं माझ्या घरात बसून माझ्या हातची एक पुरनपोळी खावी, एवढंच हाय माझं. दुसरं काय मागत न्हाई मी. तुमी दोघं बसा आपापला हेका धरून."

गहिनीनाथ खिडकीशी गेला. बाहेर म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती, मांडीवर बाटली, पदर तोंडावर. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं तिथंच ठरवलं की म्हातारीचे पाय चालताहेत तोवर हे घर बँकेच्या तावडीतून सोडवायचं.

ठरवलं ते ठीक, पण पैसा कुठून आणायचा? आधी तो काटकसरीच्या मागं लागला. टीव्ही चालू असताना दिवा बंद, टीव्हीचा उजेड पडतोच की. आंघोळीचं पाणी काळ्या रंगवलेल्या डब्यात, डबा गच्चीवर उन्हात, त्यामुळे घरातली सगळी माणसं दुपारी दोनला आंघोळ करायची. चहा एकदाच, तोही पाहुणा आला तर त्याच्या निमित्तानं. ज्ञानू तर शेजाऱ्यांना हळूच सांगायची, "काकू, आमच्याकडं या ना, चहा करता येईल." एवढं करून महिन्याला वाचायचे नऊशे रुपये. त्यानं बँकेचं काय फिटणार?

मग एका लग्नात नशीब उघडलं. शाळेतल्या शिपायाच्या पोरीचं लग्न, आणि ऐन वेळी निवेदकाचा घसा बसला. आपल्याकडं लग्नात नवरा नसला तर एक वेळ चालेल, पण माईकवरून नावं घेणारा पाहिजे. माजी सरपंचाचं आगमन झालं, सोसायटीच्या चेअरमनचं आगमन झालं, त्यांचं हार्दिक स्वागत, हे पुकारलं नाही तर माणसं जेवायला बसत नाहीत. कुणीतरी गहिनीनाथाच्या हातात माईक दिला. आयुष्यभर परीक्षानळ्यांशी बोललेल्या या माणसाच्या छातीतून असा आवाज निघाला की आचारी कढईतला झारा तसाच धरून बाहेर आला. त्या दिवशी त्याला पंधराशे रुपये, एक फेटा, एक शाल नि एक नारळ मिळाला.

तिथून तो धंद्याला लागला. सुट्टीच्या दिवशी लग्नं, आणि लग्नं नसली की दहावे. गोदावरीच्या घाटावर सकाळी दहावा असला की निवेदक लागतोच, श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावं पुकारायला आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायला. काम आटोपून तो शाळेच्या घंटेला हजर. लग्नात शाल-श्रीफळ मिळायचं, दहाव्याला गेलेल्याच्या नावाचं भांडं. दोन वर्षांत लंकाबाईचा अख्खा संसार स्वर्गवासी लोकांनी भरून गेला. नारळ इतके साठले की चटणी, वड्या, आमटी करून संपेनात. उरलेले तो बाजारात इब्राहिमभाईच्या दुकानात विकून यायचा. इब्राहिमभाईनं एकदा एका नारळावर खूण करून ठेवली, तर तोच नारळ तीन लग्नं फिरून त्याच्याकडं परत आला. "भवर, इसको तो अब पेन्शन दो," असं म्हणून त्यानं तो फुकट फोडून दिला.

आलेला पैसा न पैसा कर्जखात्यात जायचा. बँकेतले साहेब बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब विचारायचा, "एवढी घाई का?" गहिनीनाथ सांगायचा, "सासू अंगनात बसलीय." साहेब मान डोलवायचे, त्यांना काहीतरी वेगळंच वाटत असावं.

आता त्याच्या कागदांचं सांगतो, कारण घोळ तिथंच झाला. भाषणं लिहायला गहिनीनाथ वही विकत घेईल होय? परीक्षा झाल्या की वाया गेलेले पाठकोरे कागद तो शाळेतून मागून आणायचा. दोन कागदांच्या छापील बाजू एकमेकींना चिकटवून दोन्हीकडून कोरं असं एक पान करायचा. आणि त्या पानाच्या एका अंगाला लग्नाचा मजकूर, दुसऱ्या अंगाला दहाव्याचा. लंकाबाई म्हणाली होती, "अवो, निदान ह्याला तरी येगळा कागद घ्या." तो म्हणाला, "मानूस एकच हाय, आवाज एकच हाय, मग कागद दोन कशाला?"

सात वर्षं हे निभावलं. कर्ज एक लाख चार हजारावर आलं. पण त्या हिवाळ्यात आक्काबाई गावी न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तिनं धसका घेतला. महिनाभरानं काठी टेकत आली, खुर्चीत बसली आणि लेकीला म्हणाली, "आता किती फेऱ्या व्हतील काय सांगता येत न्हाई बाई." लंकाबाई नुसती दाराच्या आत उभी राहिली, आणि म्हातारी दाराच्या बाहेर.

त्याच आठवड्यात मोठं काम आलं. चौऱ्याण्णव वर्षांचे एक बडे बागाईतदार वारले होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांचा मुलगा रामहरी यानं निरोप धाडला: भवरच पाहिजेत, तीन हजार देऊ. घाटावर हजार माणूस जमलं. पिंड ठेवून तास झाला तरी कावळा शिवेना. रामहरीनं हात जोडून कबूल केलं की आईला नीट सांभाळीन, कावळा ढिम्म. त्याच्या भावानं कबूल केलं की बांधाची भांडणं मिटवीन, कावळा झाडावर बसून पंख साफ करतोय. शेवटी रामहरी म्हणाला, "भवर, तोवर तुमी बोला."

गहिनीनाथानं पान धरलं आणि आवाज लावला. "तात्यांच्या जाण्यानं आज या पंचक्रोशीत जी पोकळी निर्माण झाली आहे..." आणि नदीवरून वारा आला. पान उलटलं. गहिनीनाथ बोलण्याच्या भरात होता, त्यानं खाली बघितलं आणि वाचत सुटला. "...ती या मंगल प्रसंगी भरून निघत आहे, याचा आम्हां सर्वांना मनस्वी आनंद होत आहे. दोन्ही कुटुंबांच्या वतीनं आपलं हार्दिक स्वागत. कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये. आणि असे आनंदाचे प्रसंग या घरात वरचेवर येत राहोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

घाटावर शांतता पसरली. गहिनीनाथाला वाटलं, लोक भारावले. मग त्यानं पानाकडं नीट बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या शांततेत पहिलं कोण हसलं असेल? तात्यांची बायको, बनुबाई. दहा दिवस पाण्याचा घोट धड न घेतलेली नव्वदीची म्हातारी तोंडाला पदर लावून जी हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत. आणि त्याच क्षणी कावळा खाली आला नि पिंडाचा मोठा लचका घेऊन गेला.

रामहरीला त्यात काही गंमत दिसली नाही. "भवर, माईक ठिवा आन निघा," एवढंच तो म्हणाला. पैसे नाहीत, भांडं नाही. संध्याकाळपर्यंत ते भाषण तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचलं होतं.

मग कामं बंद झाली. दहाव्याला तर कुणी बोलवेनाच, लग्नवालेही बिचकले. नवरदेवाच्या आत्म्याला शांती चिंतली तर काय घ्या? दोन महिने गहिनीनाथ मान खाली घालून परीक्षानळ्या धूत राहिला. कर्ज होतं तिथंच रेंगाळलं. नारळसुद्धा संपले. जेवताना लंकाबाई त्याला काही लावून बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण ती बोलत नव्हती. सात वर्षांत वीस रुपयांची वही घेतली नाही आणि वीस रुपयांपायी सासूचा घास हुकला, हे त्याचं त्यालाच कळत होतं. तो स्वतःवर भयंकर चिडला होता.

एका दुपारी दारात रिक्षा थांबली. काठी टेकत बनुबाई उतरली. गहिनीनाथानं आधी हात जोडले. "आजी, चूक झाली."

"चूक कसली झाली रं?" ती ओसरीवर टेकत म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्यानं जल्मभर कुनाचं ऐकलं न्हाई. मेल्यावर कावळ्यालाबी तासभर ताटकळत ठिवलं. तू बोलला तवा कुटं हाललं. आता माझा दहावा तूच करायचा."

"आजी, असं आगाऊ ठरवत न्हाईत."

"मंग कवा ठरवत्यात? मेल्यावर? मेल्यावर पोरं भाव पाडून मागतील. आन तू काय बोलनार ते मला ऐकायला कुटं मिळनार? आत्ताच लिव. आत्ताच वाच." तिनं कनवटीची चंची सोडून अकराशे रुपये त्याच्या पुढ्यात ठेवले.

गहिनीनाथानं लंकाबाईकडं बघितलं. लंकाबाईनं डोळ्यांनी खुणावलं, लिवा. त्यानं लिहिलं, आवाज लावून वाचलं. बनुबाई मन लावून ऐकत होती. "सोशिक काढ त्यातनं, मी काय सोशिक न्हाई. पयल्या मोसंबीच्या बागेला रातपाळीनं पानी मी दिलं, ते घाल. आन शेवटी ते वरचेवर येत राहो म्हन. मला लई आवडलं ते." त्यानं घातलं. म्हातारीनं सगळं पुन्हा एकदा ऐकलं, खूश होऊन रिक्षात बसली आणि तालुकाभर सांगत सुटली.

पुढचे आठ महिने काय झालं ते विचारू नका. ऐंशीच्या पुढची माणसं रांगेनं यायला लागली. जिवंतपणी आपली श्रद्धांजली आपल्या कानांनी ऐकायला कुणाला नको असते? एक म्हातारा म्हणाला, माझा चुलतभाऊ ढसाढसा रडला असं लिहा. चुलतभाऊ शेजारीच बसला होता, तो म्हणाला, मी न्हाई रडनार. दोघांत घासाघीस होऊन 'डोळे पाणावले' यावर सौदा पटला. एका आजीनं सुनेचं नाव गाळायला सांगितलं, चहा आल्यावर परत घालायला सांगितलं. शेवटी शेवटी स्वतः रामहरी आला. बासष्ट वर्षांचा धिप्पाड गडी, दारात इकडंतिकडं बघत म्हणाला, "माझंबी एक लिवून ठिवा. पन ते वरचेवरचं नको." आणि त्यानं मागचे तीन हजारही दिले.

आणि कर्ज फिटलं. वीस वर्षांचं आठ वर्षांत. बँकेतल्या पाचव्या साहेबानं खरेदीखत हातात दिलं आणि विचारलं, "सासूबाई अजून अंगणातच?" बातमी एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडं पोचवली जात होती म्हणायची.

वास्तुशांतीला दोनशे पान झालं. ज्याच्या त्याच्या पुढ्यात जे भांडं आलं ते कुणाच्या ना कुणाच्या वडिलांचं होतं. माणसं ताट उचलून नाव वाचत होती आणि मग मुकाट्यानं पोटभर जेवत होती. आक्काबाई सकाळच्या एसटीनं आली. फाटकातून आत आली, खुर्चीकडं बघितलं, खुर्ची उचलून ठेवलेली. लंकाबाईनं पायावर पाणी घातलं. म्हातारीनं उंबऱ्यावर हात टेकवून कपाळाला लावला नि आत गेली. दगडूआबाच्या तांब्यातून घटाघटा पाणी प्यायली आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या, चारी तुपात बुडवून. लंकाबाई समोर बसून नुसती बघत होती. तिनं स्वतः काही खाल्लं नाही, भूकच नव्हती.

जेवण झाल्यावर आक्काबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि शंभराच्या अकरा नोटा जावयापुढं ठेवल्या. "साऱ्या तालुक्याच्या म्हाताऱ्यांचं लिवलं म्हनं. माझंबी वाचा."

गहिनीनाथानं नोटा बाजूला सारल्या. "तुमचं बुकिंग घेता येत न्हाई, मामी. डायरी भरलीय."

"कवापत्तुर?"

"वीस वर्षं एक तारीख मोकळी न्हाई."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. "डायरी ऱ्हाऊ द्या. कागद तर लिवला असंल? तो दावा."

गहिनीनाथानं कपाटातून एक कागद आणला. नवा करकरीत, दुकानातून विकत आणलेला. त्यानं तो तिच्या हातात दिला. एका बाजूला काही नव्हतं. आक्काबाईनं उलटून बघितला. दुसऱ्या बाजूलाही काही नव्हतं.

"चारदा बसलो," गहिनीनाथ म्हणाला. "न्हाई जमलं."

आक्काबाईनं कागद मांडीवर पसरला, हातानं सारखा केला आणि लेकीला हाक मारली. "लंके, दोन पोळ्या आन हिकडं. उद्या सकाळच्या एसटीत खाईन. एवढा कोरा कागद, वाया कशाला घालवायचा?"

लंकाबाईनं पोळ्या आणल्या. आक्काबाईनं त्या कागदात नीट गुंडाळल्या, पुडी पिशवीत घातली आणि हात धुवायला उठली. तोवर कागदावर तूप पसरलं होतं. आता त्यावर काही लिहिता येणार नव्हतं.